मातृभाषेच्या रकान्यात आपण काय सांगणार?

गेल्या महिन्यात मंडळाच्या वाचनालयात आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रं चाळत बसलो होतो. विषय निघाला जनगणनेचा. या वेळी जात विचारणार, मग कोणाची संख्या किती निघणार, आरक्षणाचं काय होणार, यावर अर्धा तास जोरदार चर्चा झाली. चहा आला तेव्हा मी सहज विचारलं, "आणि मातृभाषा विचारतील, तेव्हा काय सांगणार?" एक गृहस्थ चटकन म्हणाले, "हिंदीच सांगणार. इथे राहतो, हिंदीत बोलतो. उगाच वेगळेपणा कशाला?" दुसरे म्हणाले, "मराठी सांगितली काय नि हिंदी सांगितली काय, इंदुरात काय फरक पडतो?" तिसऱ्यांचं मत अगदी उलट. त्यांच्या मते घरातल्या झाडून सगळ्यांची भाषा मराठी लिहवावी, सून हिंदीभाषक असली तरी.

तिघेही माझे जुने स्नेही. तिघांचंही म्हणणं मला पटलं नाही. का पटलं नाही, ते जरा सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न लवकरच आपल्या प्रत्येकाच्या दारात येणार आहे.

२०२१ साली व्हायची जनगणना करोनामुळे लांबली. आता ती दोन टप्प्यांत ठरली आहे. पहिला टप्पा घरयादीचा. त्यासाठी २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबर हा काळ जाहीर झाला आहे. त्यात घर कसलं आहे, नळ आहे का, स्वयंपाक कशावर होतो, अशी चौकशी असते. प्रत्यक्ष माणसं मोजायचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे आणि १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरली आहे. जनगणना डिजिटल आहे. कुटुंबाने स्वतःच माहिती भरायची सोयही या वेळी आहे. जातीची नोंद याच दुसऱ्या टप्प्यात होणार. २०११ मध्ये मातृभाषेचा प्रश्नही माणसं मोजण्याच्या टप्प्यातच होता. वर्तमानपत्रांचं सगळं लक्ष जातीच्या रकान्याकडे आहे, भाषेच्या रकान्याबद्दल कोणी बोलत नाही.

२०११ ची आमच्या घरची गोष्ट सांगतो. प्रगणक म्हणून एक शिक्षिका आल्या होत्या. दुपारची वेळ होती. मी बाहेर गेलो होतो, घरी फक्त आई. तिचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढे, पण हिंदी खणखणीत. जन्म रामबागेतला, भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी, शेजारणींशी आयुष्यभर हिंदीतच बोललेली. तिने बाईंना पाणी दिलं, विचारलं ते सगळं सांगितलं. संध्याकाळी मी आईला विचारलं, "भाषा काय लिहिली ग?" ती म्हणाली, "ते त्यांनी नाही विचारलं. वय विचारलं, शिक्षण विचारलं, माझं लग्न कितव्या वर्षी झालं ते विचारलं." बाईंचा दोष मी धरत नाही. समोरची बाई अस्खलित हिंदीत बोलते आहे, चाळीस घरं अजून बाकी आहेत, उन्हाळा येऊन ठेपला आहे. त्यांनी आपसूक हिंदी लिहिलं असेल. किंवा आडनावावरून मराठी लिहिलं असेल. मला ते कधीच कळलं नाही. आई २०१६ मध्ये गेली. जिने आम्हा चौघा भावंडांना श्लोक, ओव्या आणि शिव्या, तिन्ही मराठीतच शिकवल्या, तिची सरकारदरबारी शेवटची नोंद कोणत्या भाषेत झाली, हे तिच्या मुलाला सांगता येत नाही. तेव्हा हे मी हसण्यावारी नेलं होतं. आता ते खटकतं.

म्हणून मी या रकान्याचे नियम नीट समजून घेतले. २०११ मध्ये प्रगणकांना दिलेल्या सूचना अगदी स्पष्ट होत्या. मातृभाषा म्हणजे लहानपणी त्या व्यक्तीशी तिची आई जी भाषा बोलत होती ती. आई तान्हेपणीच गेली असेल, तर लहानपणी घरात मुख्यतः जी बोलली जात होती ती. घरातल्या सगळ्यांची मातृभाषा एकच असेल असं प्रगणकाने गृहीत धरायचं नाही, प्रत्येकाची वेगळी विचारायची. सांगणारा जे नाव सांगेल ते तसंच लिहायचं, ही भाषा की बोली असा वाद घालायचा नाही. त्याच्या पुढचा प्रश्न होता येणाऱ्या इतर भाषांचा. तिथे मातृभाषेखेरीज आणखी दोन भाषा सांगता येत होत्या.

एवढं समजल्यावर माझ्या पहिल्या स्नेह्यांचा प्रश्न निम्मा सुटतो. आपण कोणत्या राज्यात राहतो, बाजारात काय बोलतो, कोणत्या भाषेत नोकरी केली, हे या रकान्यात कोणी विचारतच नाही. आपल्या आईने आपल्याला कोणत्या भाषेत जेवायला हाक मारली, एवढाच प्रश्न आहे. हिंदी आपल्याला येते, उत्तम येते, ती आपली आहे. तिच्यासाठी पुढचा रकाना आहे. तिथे पहिलं नाव हिंदीचं सांगावं आणि अभिमानाने सांगावं. मराठी सांगितल्याने हिंदी नाकारली जात नाही.

तिसऱ्या स्नेह्यांच्या म्हणण्यालाही याच नियमात उत्तर आहे. आमच्याच घरचं पाहा. मी आणि आमची ही, दोघांची मातृभाषा मराठी. मुलाची मराठी. सून उज्जैनची, तिच्या माहेरी आजी मालवीत बोलायची, आई हिंदीत. म्हणजे सुनेची हिंदी. आता नातवाचं काय? तो नऊ वर्षांचा. त्याची आई त्याच्याशी हिंदीत बोलते, मधूनमधून मराठीत. माझ्याशी तो मराठीत बोलतो, "आबा, तुम्ही काय करून राहिले?" अशा आपल्या खास इंदुरी मराठीत. मला मनातून वाटत होतं की त्याच्या नावापुढे मराठी लागावं. जेवताना मी ते बोलून दाखवलं. सून शांतपणे म्हणाली, "बाबा, नियम आईचा आहे ना? मग खरं तेच लिहा. मराठी दुसऱ्या रकान्यात लिहा, ती त्याला येतेच." मला उत्तर सुचलं नाही, कारण तिचं बरोबर होतं. जनगणना कायदा १९४८ चा आहे आणि त्याप्रमाणे आपल्या माहितीनुसार खरं उत्तर देणं बंधनकारक आहे. कायद्याचं सोडा. सुनेची भाषा तिला न विचारता बदलायची असेल, तर आपली भाषा कोणी न विचारता बदलली म्हणून तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

आता राहिला दुसऱ्या स्नेह्यांचा प्रश्न. काय फरक पडतो? तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर गुळमुळीत देऊन चालणार नाही.

आधी आकडे. २०११ मध्ये मराठी मातृभाषा सांगणारे देशभरात ८ कोटी ३० लाख होते, म्हणजे लोकसंख्येच्या ६.८६ टक्के. २००१ मध्ये मराठी चौथ्या क्रमांकावर होती. २०११ मध्ये तेलुगूला मागे टाकून ती हिंदी आणि बंगालीनंतर तिसरी झाली. मध्य प्रदेशात मराठी सांगणारे बारा लाखांच्या आसपास, शंभरात दोनसुद्धा नाहीत. त्यांतही बुऱ्हाणपूर, बैतूल, पांढुर्णा, छिंदवाडा, बालाघाट या सीमेलगतच्या भागांचा वाटा मोठा. तिथली मराठी शेतातली आहे, आपली वाड्यांतली आणि वसाहतींतली.

या आकड्यांवर काय अवलंबून असतं? १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ आणि ३५० ब ही दोन कलमं आली. पहिल्यानुसार भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करायचा. दुसऱ्यानुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक विशेष अधिकारी असतो, तो राष्ट्रपतींना अहवाल देतो. अंमलबजावणीसाठी काही मोजमापं ठरली. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात. शाळेत एकूण ४० किंवा एका वर्गात १० मुलं त्या भाषेची असतील, तर मातृभाषेतून शिकवायची सोय करावी.

आता प्रामाणिकपणे बोलू. इंदुरात आपण १५ टक्के नाही आणि होणारही नाही. आपल्या सगळ्यांनी मराठी सांगितली म्हणून महापालिकेची पाणीपट्टी मराठीत येणार नाही. तशी आशा कोणी दाखवत असेल तर ती खोटी आहे. पण बुऱ्हाणपूरच्या एखाद्या तालुक्यात किंवा पांढुर्ण्याच्या गावात या आकड्याने खरोखर फरक पडू शकतो. राज्याचा आकडा एकच असतो, त्यात त्यांची आणि आपली बेरीज होते. शहरातल्या शिकलेल्या मराठी माणसाने संकोचाने हिंदी सांगितली, तर ती बेरीज कमी होते. शिक्षकांच्या जागा, पाठ्यपुस्तकं, वाचनालयांची अनुदानं मागायला आपल्याच संस्था जेव्हा सरकारकडे जातात, तेव्हा समोरचा अधिकारी पहिला प्रश्न विचारतो, "आप लोग हैं कितने?" तिथे अंदाज चालत नाही, छापील आकडा लागतो.

चुकीच्या नोंदीचं नुकसान किती लांब जातं, याचं उदाहरण पंजाबचं आहे. १९५१ मध्ये आणि पुन्हा १९६१ मध्ये घरी पंजाबी बोलणाऱ्या अनेक हिंदू कुटुंबांनी मातृभाषा हिंदी सांगितली. त्या वेळच्या राजकारणामुळे त्यांना तसं सांगावंसं वाटलं. १९५१ मध्ये तर वाद इतका विकोपाला गेला की तिथे हिंदी आणि पंजाबीचे आकडे वेगळे छापताच आले नाहीत. पुढे राज्याची फेररचना झाली तेव्हा भाषेच्या आकड्यांवरचा भरवसाच उडालेला होता आणि त्या वादाचे व्रण अजून आहेत. आपल्या बेळगावकर मंडळींना वेगळं सांगायला नको. सीमाभागात १९५६ पासून आजपर्यंत जो दावा चालला आहे, त्यात भाषिक टक्केवारी हा एक पाया आहे. तिथे कोणी "काय फरक पडतो" असं म्हणत नाही.

पहिल्या स्नेह्यांच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी नंतर घरी जाताना बोलून दाखवली. ते म्हणाले, "मुंबईत जे चाललंय ते पाहून इथे मराठी म्हणवून घ्यायला संकोच वाटतो." २०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला. एप्रिलमधला शासन निर्णय, जूनमधला सुधारित निर्णय, आणि २९ जूनला दोन्ही मागे घेतल्याची घोषणा. त्याच सुमारास मराठी बोलत नाही म्हणून दुकानदाराला, रिक्षावाल्याला मारहाण केल्याच्या चित्रफिती इथल्या प्रत्येक मोबाइलवर आल्या. माझ्याही शेजाऱ्यांनी विचारलं, "भाऊसाब, आपके वहाँ ये क्या चल रहा है?" आमचं "वहाँ" म्हणजे कुठलं? आमच्या पाच पिढ्या इथल्या मातीत गेल्या. पुण्याला लेकीकडे गेलो की तिथली मंडळी आमचं बोलणं ऐकून हसतात, "तुम्ही एमपीचे ना?" म्हणतात. दोन्हीकडून आपण पाहुणेच.

मला मात्र वाटतं, या वादात बोलायचा सगळ्यांत जास्त अधिकार आपल्यासारख्यांनाच आहे. होळकरांबरोबर माळव्यात आलेली आपली घराणी. परक्या भाषेच्या प्रदेशात राहायचं कसं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करून दाखवलं आहे. घरात मराठी सोडली नाही आणि दाराबाहेर हिंदी शिकायला लाजलो नाही. कोणी आपल्याला मारून हिंदी शिकवली नाही, आणि कोणी आपली मराठी हिसकावूनही घेतली नाही. मुंबईत गेलेल्या हिंदीभाषकाला आपण सांगू शकतो की बाबा रे, तिथली भाषा शिक, त्याने तुझी भाषा जात नाही. मुंबईच्या मराठी माणसाला सांगू शकतो की हात उगारून भाषा कोणाच्या तोंडी बसत नाही. आणि तिसऱ्या भाषेचा आग्रह धरणाऱ्यांना विचारू शकतो की हिंदी राज्यांतल्या शाळांत तिसरी भाषा बहुतेक ठिकाणी संस्कृतच असते, तिथे इंदुरात मराठीचा पर्याय का नको? पण हे सगळं बोलायचं, तर आपण मराठी आहोत हे आधी आपणच सांगायला हवं.

या शहराचा इतिहासही तेच सांगतो. १९१७ मध्ये मराठी साहित्य संमेलन इंदुरात झालं आणि लगेच १९१८ मध्ये हिंदी साहित्य संमेलन इथेच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालं. १९३५ मध्ये तर दोन्ही संमेलनं याच गावी भरली. हिंदीच्या अध्यक्षपदी पुन्हा गांधीजी, मराठीच्या अध्यक्षपदी औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. दोन्ही भाषांना एकाच गावाने पाट मांडला. एकीला बसवायला दुसरीला उठवावं लागलं नाही.

एक खंत मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. जनगणनेत आपण बिनचूक मराठी सांगितली, तरी तो आकडा आपल्या पिढीचा असेल. ४० मुलांचा आणि १० मुलांचा जो नियम वर सांगितला, तो मुलांचा आहे, आजोबांचा नाही. आपण गणेशोत्सवाला, पाडव्याच्या गाण्यांना, कोजागिरीला गर्दी करतो. मुलांना मराठी वाचायला शिकवायचा वर्ग काढला की पहिल्या रविवारी वीस मुलं, तिसऱ्या रविवारी सहा. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मंडळात पेढे वाटले. मीही खाल्ले. पण त्या दिवशी तिथे असलेल्या मुलांपैकी फलकावरचं "अभिजात" किती जणांना वाचता आलं असतं, याचा विचार मनात आला आणि पेढा घशात अडकला. लिपी एकच आहे, मुलं हिंदी वाचतात, म्हणजे निम्मं काम शाळेने आधीच केलेलं आहे. उरलेलं निम्मंही आपल्याच्याने होत नाही, याचा दोष सरकारला देता येणार नाही.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीला आणि आपल्या सर्वांना माझ्या चार सूचना आहेत.

एक, लोकगणनेचा टप्पा येण्याआधी मंडळाने एक सभा घ्यावी आणि मातृभाषेचा नियम सोप्या शब्दांत समजावून सांगावा. कोणाला काय लिहा असा आदेश नको, फक्त नियम सांगावा. नव्या जनगणनेच्या सूचना हाती आल्या की त्या पाहूनच सांगावा.

दोन, स्वतः माहिती भरायची सोय आहे, तिचा उपयोग करावा. ज्या घरी फक्त वृद्ध मंडळी आहेत, त्यांच्याकडे मंडळाच्या तरुणांनी मोबाइल घेऊन जावं आणि त्यांना विचारून भरून द्यावं. विचारून, हा शब्द महत्त्वाचा.

तीन, प्रगणक दारात आले, तर त्यांच्याशी हिंदीतच बोलावं, चहा विचारावा, आणि भाषेचा प्रश्न आला नाही तर आपणहून सांगावं, "मातृभाषा मराठी लिखिए, और हिंदी भी आती है."

चार, ज्यांच्या घरी सून किंवा जावई दुसऱ्या भाषेचे आहेत, त्यांनी त्यांची भाषा त्यांनाच सांगू द्यावी. आमच्या सुनेच्या आजीची मालवी २०११ मध्ये बावन्न लाख लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितली होती, आणि ती हिंदीच्या बेरजेत गेली. तिचंही दुःख आपल्याला कळायला हवं.

नातवापुढे मी हिंदीच सांगणार आहे आणि दुसऱ्या रकान्यात मराठी. ते ठरल्यावर त्याने विचारलं, "आबा, मला मराठी येते असं सांगणार, पण मला जोडाक्षरं कुठे येतात?" त्याला म्हटलं, अजून अवकाश आहे. गेल्या रविवारपासून आम्ही दोघं सकाळी पोहे-जिलबी झाल्यावर अर्धा तास बसतो. मंडळाच्या रविवारच्या वर्गाला कोणाला यायचं असेल, तर दोन विद्यार्थी आणि एक म्हातारा मास्तर तयार आहे.